समासाचा अधिकार

ग्रंथाच्या समासात वाचकाने आपल्या हाताने लिहावे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता केवळ टापटिपीचा वाटतो. नवीन जालन्यातील एखाद्या घरी आजोबांची ज्ञानेश्वरी निघाली आणि तिच्या पानोपानी पेन्सिलीच्या टिपा आढळल्या, तर त्या खोडून प्रत स्वच्छ करा असे सांगणारे सज्जन पुष्कळ भेटतील. (पानाच्या कोऱ्या कडेसही समास म्हणावयाचे आणि दासबोधाच्या प्रकरणासही, समर्थांचे जन्मगाव जांब याच जिल्ह्यात असल्याने शब्द दोन्ही अर्थांनी येथे घरचाच.) आमच्या मते हा प्रश्न प्रामाणिकपणाचा आहे.

हस्तलिखितांच्या काळी समास ही धोक्याची जागा होती. कडेला लिहिलेली ओळ म्हणजे मूळचा गळलेला पाठ, की कोणा वाचकाने घातलेली भर, हे नकलकारास कळत नसे. तो ती निमूटपणे मजकुरात घेई. पाठांतरांनी बिघडलेली ज्ञानेश्वरी एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ त, शुद्ध केली. आणि तीत आपली ओवी घालणारा अमृताच्या ताटात नरोटी ठेवतो, असे त्यांनी बजावले.

ज्यू धर्मशास्त्राच्या अभ्यासकांनाही हीच चिंता होती. तालमूद या त्यांच्या महाग्रंथाचे विख्यात भाष्यकार राशी यांनी आपल्या दुरुस्त्या भाष्यात नोंदविल्या. परंतु इतरांनी त्यांवरून मूळ पोथ्याच बदलल्या, अशी तक्रार त्यांचे नातू रब्बी याकोब ताम यांनी बाराव्या शतकात केली. पोथीत हात घालणाऱ्यांत त्यांनी आपल्या थोरल्या भावासही गणले, त्याची भीड धरली नाही!

मुद्रणाने ही अडचण पुष्कळशी दूर केली. व्हेनिस येथे डॅनिएल बाँबर्ग याने १५२० ते १५२३ या काळात संपूर्ण तालमूद छापला. मध्ये मूळ, आतल्या बाजूस राशींचे भाष्य, बाहेरच्या बाजूस नंतरच्या पंडितांची चर्चा. त्याभोवतीच्या कोऱ्या जागेत वाचकाने काही लिहिले, तरी हातचे अक्षर आणि छापील अक्षर यांची गल्लत होण्याचे कारण उरले नाही. पोलंडातील रब्बी योएल सिर्केस यांनी आपल्या प्रतीच्या कडेला पाठशुद्धीच्या टिपा लिहून ठेवल्या. ते १६४० त वारले. त्या टिपा १८२४ साली वॉर्सा येथे छापल्या गेल्या आणि पुढे तालमुदाच्या पानावरच त्यांस जागा मिळाली.

यावर कोणी म्हणेल, हीदेखील मागल्या दाराने घातलेली भरच झाली. आम्हांस तसे वाटत नाही. सिर्केस यांची टीप त्यांच्या नावाने कडेला उभी आहे. ती चुकीची वाटल्यास मूळ पाठ शेजारीच आहे. गुपचूप ओवी घालणारा आपला हात लपवितो, आणि टीप गुपचूप खोडणारा दुसऱ्याचा हात नाहीसा करतो. या दोघांत आम्हांस फारसे अंतर दिसत नाही. ग्रंथालयाच्या पुस्तकाची गोष्ट निराळी. तेथील समास सर्वांचा असल्याने त्यावर एकट्याचा हक्क नाही.

बांधणीकारास मात्र या वादाचे सोयरसुतक नसते. पुस्तक पुन्हा बांधताना तो कडा सारख्या करण्यासाठी कापतो, आणि टिपेतील ओळींची टोके कातरणांबरोबर केरात जातात.