पाण्यातले अणू कोण मोजतो?

कोयनेच्या शिवसागर जलाशयातलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीच्या भूमिगत वीजघरात उतरतं, चक्रं फिरवतं आणि कोळकेवाडी धरणाकडे निघून जातं. त्यातल्या एक किलो पाण्यात अणू किती? पाण्याचा रेणुभार सुमारे 18, म्हणून 1000 ग्रॅमचे साडेपंचावन्न मोल. प्रत्येक मोलमध्ये 6.022 × 10²³ रेणू, रेणूत तीन अणू. उत्तर जवळजवळ 10²⁶. अकरावीच्या वहीत हे चार ओळींत सुटतं. मिथिलेच्या उदयनाचार्यांनी मात्र हजारएक वर्षांपूर्वी अशाच मोजणीवरून ईश्वर सिद्ध करू पाहिला. त्यांच्या न्याय-वैशेषिक दर्शनाच्या मते एकत्व वस्तूतच असतं. दोनपासून पुढची संख्या मोजणाऱ्याच्या अपेक्षाबुद्धीतून, म्हणजे ‘हे एक, हेही एक’ अशा एकत्र जाणिवेतून उपजते. आणि दोन परमाणूंच्या जोडीचं, म्हणजे द्व्यणुकाचं, परिमाण येतं ते परमाणूंच्या परिमाणातून नव्हे, ते दोन आहेत यातून. सृष्टीच्या आरंभी परमाणू मोजायला माणूस नव्हता. असता तरी त्याला ते दिसले नसते. मग मोजणारा ईश्वरच. ‘न्यायकुसुमांजली’तली ही युक्ती मला त्यांच्या इतर युक्त्यांपेक्षा धीट वाटते, कारण ती थेट द्रव्याच्या घडणीवर बोट ठेवते.

पण तिचा पायाच टिकत नाही. पोफळीच्या विजेने पाण्याचं विघटन केलं, तर एका नळीत जमणारा हायड्रोजन आकारमानाने दुसरीतल्या ऑक्सिजनच्या दुप्पट भरतो, मग तिथे कुणी पाहत असो वा नसो. दोनास एक हे प्रमाण मोजणीची वाट पाहत नाही. नैयायिक म्हणेल, माणूस नसला तरी ईश्वर पाहतोच आहे. पण जे सिद्ध करायचं तेच इथे गृहीत धरलं जातं. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: 2019मध्ये मोलमधली कणसंख्या 6.02214076 × 10²³ अशी ठरावाने नेमकी केली गेली. मग ती माणसाच्या बुद्धीतलीच नव्हे का? ठरवलं गेलं ते एकक. विसाव्या शतकाच्या आरंभी भौतिकशास्त्रज्ञ ज्याँ पेरँ यांनी द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या हालचालीवरून ही संख्या काढली, तेव्हा असा ठराव नव्हता. तरी किरणोत्सारासारख्या अगदी वेगळ्या वाटांनी निघालेले आकडे तिच्याजवळच आले. संख्या केवळ मोजणाऱ्याची असती, तर हा मेळ निव्वळ योगायोग मानावा लागला असता. उदयनाचार्यांच्या बाकीच्या युक्त्यांना, कार्य आहे म्हणून कर्ता हवा यासारख्या, याने धक्का लागत नाही. त्यांचा निवाडा तराजूवर होणार नाही.