खर्चाचे कोणीच बोलेना

२६ जून २०२४ च्या संध्याकाळी नॉटिंगहॅममध्ये बीबीसीने घेतलेल्या वादसभेत ब्रिटनचे पंतप्रधान, हुजूर पक्षाचे ऋषी सुनक आणि विरोधी पक्षनेते, मजूर पक्षाचे किअर स्टार्मर समोरासमोर उभे होते. संसदेच्या निवडणुकीच्या मतदानाला आठच दिवस उरले होते. श्रोत्यांमधला एक मतदार उभा राहिला आणि त्याने सरळ विचारले की, देशाचा पुढचा पंतप्रधान होण्यासाठी आमच्याकडे असलेल्यांत तुम्ही दोघेच खरोखर सर्वांत चांगले आहात का? प्रश्न एकाचा होता, पण तो लाखोंच्या मनातला होता.

आठ दिवसांनी मतदारांनी आपले उत्तर दिले. आकडे वरवर पाहिले तर ते मजूर पक्षाच्या दिग्विजयाचे दिसतात. ६५० जागांच्या सभागृहात या पक्षाला ४११ जागा मिळाल्या. चौदा वर्षे सत्तेत असलेला हुजूर पक्ष १२१ जागांवर आला, इतकी वाईट वेळ त्याच्यावर कधीच आली नव्हती. पण मजूर पक्षाला मिळालेली मते होती अवघी ३३.७ टक्के. २०१९ मध्ये जेरेमी कॉर्बिन यांच्या नेतृत्वाखाली याच पक्षाचा दारुण पराभव झाला, तेव्हा त्याला एक कोटी दोन लाखांहून अधिक मते पडली होती. स्टार्मर यांच्या प्रचंड विजयात ती ९७ लाखांवर आली. दर दहा मतदारांपैकी चार जण मतदानालाच गेले नाहीत. १९५१ च्या निवडणुकीत मतदान ८२ टक्क्यांवर गेले होते आणि त्यातली जवळपास ९७ टक्के मते हुजूर आणि मजूर या दोन पक्षांनी वाटून घेतली होती. २०२४ मध्ये हाच वाटा ५७ टक्क्यांवर घसरला. एका पक्षावरचा राग म्हणून हे आकडे समजून घेता येत नाहीत. दोन्ही मोठ्या पक्षांवरचा विश्वास एकाच वेळी आटला होता.

याचे सोपे स्पष्टीकरण हाताशी आहे: नेतेच नालायक निघाले. त्याला पुरावेही भरपूर आहेत. २००९ मध्ये खासदारांच्या भत्त्यांचा घोटाळा उघडकीला आला आणि काही जण तुरुंगात गेले. देश कोविडच्या टाळेबंदीत असताना पंतप्रधानांच्या निवासस्थानी, डाउनिंग स्ट्रीटवर मेजवान्या झाल्या आणि तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्यासह सुनक यांनाही पोलिसांनी दंड केला. लिझ ट्रस यांच्या सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये पैशाची तजवीज न करता करकपात जाहीर केली, रोखेबाजार हादरला आणि पंतप्रधान झाल्यापासून दीड महिन्यात त्यांना पायउतार व्हावे लागले. हे सगळे खरे आहे, संतापजनकही आहे. पण जॉन्सन गेले, ट्रस गेल्या, भत्त्यांचे नियम बदलले. दोषी माणसे गेल्यावर विश्वास परतायला हवा होता. तो परतला नाही.

जून २०२४ मध्येच ब्रिटिश सोशल अ‍ॅटिट्यूड्स या जुन्या, प्रतिष्ठित पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरकार कोणत्याही पक्षाचे असो, ते पक्षाच्या स्वार्थापेक्षा देशाची गरज मोठी मानेल यावर आपला जवळजवळ कधीच विश्वास बसत नाही, असे ४५ टक्के लोकांनी सांगितले. हा प्रश्न विचारायला सुरुवात झाल्यापासूनचा हा उच्चांक होता. यातले ‘कोणत्याही पक्षाचे’ हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. सर्वांवरचाच विश्वास उडतो तेव्हा कारणही सर्वांत सामाईक असलेलेच शोधावे लागते. माझ्या मते ते कारण खर्चाविषयी पाळलेले मौन हे आहे. देशापुढचे सर्वांत कठीण प्रश्न सोडवायला पैसा लागेल आणि तो कोणाकडून तरी घ्यावा लागेल, एवढे साधे वाक्य उच्चारायला ब्रिटनचे मोठे पक्ष घाबरतात.

वृद्धांच्या देखभालीच्या प्रश्नाचा पंधरा वर्षांचा इतिहास पाहिला की हे मौन कसे तयार झाले ते कळते. १९४८ पासून ब्रिटनमध्ये दवाखाना, शस्त्रक्रिया मोफत आहे. पण स्मृतिभ्रंश झालेल्या आईला अंघोळ घालायला, जेवू घालायला माणूस हवा असेल तर इंग्लंडमध्ये ती सेवा एनएचएसच्या, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या, बाहेर जाते आणि माणसाची ऐपत तपासून दिली जाते. इंग्लंडमध्ये २३,२५० पौंडांपेक्षा जास्त मालमत्ता असेल तर सगळा खर्च स्वतः करायचा. केअर होममध्ये जायची वेळ आली की एकट्या माणसाचे राहते घरही या हिशेबात धरले जाते. ही मर्यादा २०१० पासून बदललेली नाही. कर्करोग झाला तर सरकार पाठीशी आणि स्मृतिभ्रंश झाला तर घर विकायचे, हा अन्याय आहे हे सर्व पक्षांना मान्य आहे.

तरी काय घडले? २०१० च्या निवडणुकीआधी मजूर पक्षाच्या सरकारने मृताच्या मालमत्तेवर आकारणी करून या खर्चाची सोय लावता येईल का, याचा विचार चालवला होता. हुजूर पक्षाने थडग्याचे चित्र असलेले फलक लावून त्याला ‘मृत्युकर’ ठरवले आणि विषय संपला. अर्थतज्ज्ञ अँड्र्यू डिलनॉट यांच्या आयोगाने २०११ मध्ये तोडगा दिला: माणसाने आयुष्यभरात देखभालीवर करायच्या खर्चाला वरची मर्यादा घालावी. २०१४ मध्ये तसा कायदा झाला, पण हुजूर पक्षाने २०१५ मध्ये निवडणूक जिंकल्यावर त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली.

२०१७ मध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांनी जाहीरनाम्यातच हा विषय मांडला. घरी मिळणाऱ्या सेवेसाठीही घराची किंमत हिशेबात धरली जाईल, मात्र कुटुंबाला एक लाख पौंड राखता येतील, असा प्रस्ताव होता. आता मजूर पक्षाची पाळी होती. त्याने याला ‘स्मृतिभ्रंश कर’ म्हटले. चार दिवसांत मे यांनी माघार घेतली आणि काहीच बदललेले नाही असेही सांगितले. प्रचाराच्या सुरुवातीला मोठ्या आघाडीवर असलेल्या मे बहुमत गमावून बसल्या. त्या पराभवाला इतरही कारणे होती, पण सर्व पक्षांच्या रणनीतीकारांनी त्यातून एकच धडा घेतला: या विषयावर निवडणुकीत तोंड उघडायचे नाही.

पुढे जॉन्सन यांनी २०१९ मध्ये पंतप्रधानपद स्वीकारताना डाउनिंग स्ट्रीटच्या दारात उभे राहून हा प्रश्न कायमचा सोडवण्याचे वचन दिले. २०२१ मध्ये त्यांनी आयुष्यभराच्या खर्चावर ८६,००० पौंडांची मर्यादा आणि तिच्यासाठी नवा करही जाहीर केला. ट्रस यांच्या सरकारने तो कर रद्द केला, नंतर मर्यादेची अंमलबजावणी ऑक्टोबर २०२५ पर्यंत लांबली. आणि २९ जुलै २०२४ रोजी, निवडणूक जिंकून महिनाही झाला नव्हता तेव्हा, मजूर पक्षाच्या अर्थमंत्री रेचेल रीव्हज यांनी तिजोरीत पैसे नाहीत म्हणून ती मर्यादाच रद्द केली. सत्तर वर्षांच्या आजीने या पंधरा वर्षांत कोणत्याही पक्षाला मत दिले असते तरी तिच्या पदरात तेच पडले असते. अशा आजीने ‘सगळे सारखेच’ म्हटले तर तिला निराशावादी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

२०२४ चा प्रचार याच धड्याबरहुकूम चालला. १९९७ च्या निवडणुकीपूर्वी ज्येष्ठ राजकारणी रॉय जेंकिन्स यांनी मजूर पक्षाचे नेते टोनी ब्लेअर यांच्या सावध पवित्र्याचे वर्णन, चिनी मातीचे मौल्यवान भांडे हातात घेऊन गुळगुळीत फरशीवरून चालणारा माणूस, असे केले होते. स्टार्मर यांच्या प्रचाराला पत्रकारांनी तीच उपमा दिली. आयकर, नॅशनल इन्शुरन्स आणि व्हॅट वाढवणार नाही असे मजूर पक्षाने लिहून दिले. हुजूर पक्ष तर आणखी करकपात देऊ करत होता. इंग्लंडमध्ये उपचारांच्या प्रतीक्षायादीत सुमारे ७५ लाख नोंदी होत्या, अनेक स्थानिक कौन्सिले दिवाळखोरीच्या काठावर होती. इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संस्थेने दोन्ही पक्षांच्या या वागण्याला मौनाचे संगनमत म्हटले.

हे मौन पैशापुरते राहिले नाही. केअर होम चालतात ती मोठ्या प्रमाणात परदेशी माणसांच्या बळावर. त्यांत केरळपासून नायजेरियापर्यंतचे लोक आहेत. देखभालीच्या कामाला पुरेसे वेतन द्यायचे नाही म्हणून बाहेरून माणसे आणायची, आणि मते हवीत म्हणून स्थलांतर कमी करण्याची स्पर्धा लावायची, असा हा दुटप्पीपणा होता. मार्च २०२४ पासून या कामगारांना कुटुंब सोबत आणायलाही बंदी झाली. दुसऱ्याच्या आईची सेवा करायला आलेल्या बाईने स्वतःचे मूल मायदेशी ठेवायचे, असा हा नियम होता. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय नागरिकांना, त्यांत मराठी माणसेही आली, राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून संसदेच्या निवडणुकीत मत असते. त्यामुळे हा प्रश्न आपल्यासाठी निव्वळ दूरदेशीची बातमी उरत नाही.

मोठे पक्ष गप्प बसले की ती जागा रिकामी राहत नाही. नायजेल फराज यांच्या रिफॉर्म यूकेला १४.३ टक्के मते पडली. मात्र एका मतदारसंघात सर्वाधिक मते मिळवणाऱ्यालाच जागा देणाऱ्या पद्धतीत त्यांना पाचच खासदार मिळाले. लेस्टर साउथसारख्या मजूर पक्षाच्या बालेकिल्ल्यात गाझाच्या प्रश्नावर अपक्ष निवडून आला. लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे एड डेव्ही यांनी आपल्या अपंग मुलाच्या संगोपनाविषयी मोकळेपणाने सांगितले आणि स्कॉटलंडमध्ये २००२ पासून मिळते तशी मोफत वैयक्तिक देखभाल इंग्लंडमध्ये देण्याचे आश्वासन दिले. त्यांचे खासदार ११ वरून ७२ झाले. मते एक टक्काही वाढली नाहीत, म्हणून हा देखभालीच्या मुद्द्याचा विजय म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण या विषयावर बोलले की पक्ष बुडतो, हा समज मात्र तिथे खोटा ठरला.

नव्या सरकारने २९ जुलैलाच आणखी एक निर्णय जाहीर केला होता. हिवाळ्यातल्या इंधनासाठी सर्व वृद्धांना मिळणारी मदत सुमारे एक कोटी लोकांसाठी बंद झाली. प्रचारात याचा उच्चारही नव्हता. रोष इतका वाढला की जून २०२५ मध्ये सरकारला बहुतेकांची मदत परत द्यावी लागली. मते मिळवताना जे सांगायचे टाळले, ते सत्तेत आल्यावर करण्याचा नैतिक आधारच सरकारकडे उरला नव्हता. मौनाने निवडणूक जिंकता येते, पण राज्य करण्याची संमती मिळत नाही.

मग दोष मतदाराचा नाही का? काही अंशी आहे. उत्तम सेवा हवी आणि कर नको, ही इच्छा ब्रिटिश मतदाराची आहेच. पण २०१० आणि २०१७, दोन्ही वेळा खरे बोलणाऱ्याला आधी ठोकून काढले ते प्रतिस्पर्धी पक्षाने. प्रत्येक प्रामाणिक प्रस्तावाला भीतिदायक नाव चिकटवून मतदाराला घाबरायला शिकवले ते पक्षांनी. म्हणून सुधारण्याची पहिली जबाबदारीही त्यांचीच आहे.

आणि हे अशक्य नाही. २००२ मध्ये अडेर टर्नर यांच्या अध्यक्षतेखाली निवृत्तिवेतन आयोग नेमला गेला. लोक जास्त जगतात, तेव्हा जास्त वर्षे काम, जास्त बचत आणि जास्त कर यांतून मार्ग काढावा लागेल, असे त्याने २००५ मध्ये स्पष्ट सांगितले. कोणालाही न आवडणारे हे सत्य होते. पण मुख्य पक्षांनी त्यावर एकमेकांवर हल्ला करण्याचा मोह आवरला. पगारातून आपोआप निवृत्तीची बचत होण्याची योजना मजूर पक्षाच्या काळात ठरली आणि २०१२ पासून हुजूर पक्षाच्या नेतृत्वाखालील सरकारने ती राबवली. कोट्यवधी नोकरदारांच्या नावावर आज त्यामुळे बचत आहे.

देखभालीच्या प्रश्नावर जानेवारी २०२५ मध्ये लुईझ केसी यांचा आयोग जाहीर झाला. त्याचा अंतिम अहवाल २०२८ पर्यंत यायचा आहे, म्हणजे पुढच्या निवडणुकीच्या तोंडावर. तेव्हा प्रत्येक पक्षाने, खर्च किती आणि तो कोण भरणार, हे जाहीरनाम्यात आकड्यांसह लिहावे आणि दुसऱ्याच्या आकड्यांवर फलक रंगवू नयेत. मतदारांनीही आपल्या उमेदवाराला दारात हाच प्रश्न विचारावा आणि अप्रिय उत्तर देणाऱ्याला त्या उत्तराची शिक्षा देऊ नये. नेते बदलून विश्वास परत येत नाही, हे चौदा वर्षांत पाच पंतप्रधान आणि नंतर सहावा पाहिलेल्या देशाला पुरते कळले आहे. आता पैशाविषयी खरे बोलून पाहणे एवढाच मार्ग उरला आहे, आणि निवृत्तिवेतनाच्या बाबतीत तो एकदा यशस्वी झालेला आहे.