लेकुरवाळे घर आणि शेजाऱ्यांची जीभ

बार्शीटाकळी तालुक्यातील खेड्यांतून ज्या घरी सात-आठ लेकरे आहेत त्या घराविषयी काही मत नाही, असा मनुष्य सापडणे कठीण. त्यातून त्या आईबापांनी मुले शाळेत न पाठविता घरीच शिकविण्याचे मनात आणले, तर मग विचारूच नये. हातपंपावर, पिठाच्या गिरणीत, आठवडी बाजारात आणि (लिहिण्यास संकोच वाटतो, तथापि लिहिले पाहिजे) उपासना आटोपल्यावर प्रार्थनामंदिराच्या पायऱ्यांवरही त्या घराचा न्याय होतो. कोणी म्हणतो, ज्याने चोच दिली तो चारा देईल. कोणी म्हणतो, तीन एकर कोरडवाहू शेतात एवढी तोंडे कशी पोसणार? कोणी म्हणतो, घरी शिकविणे हा बहाणा आहे, खरे काम शेरड्या राखण्याचे. आणि कोणी हळूच म्हणतो, वाढू द्या, आपली मंडळी तेवढीच मोठी होईल. आमचे सुवार्तिक बंधू व बायबलबाया यांस अशा घरी जावे लागते, आणि त्यांनी कोणत्या पक्षास उभे राहावे, असा प्रश्न त्यांस खरोखर पडतो. म्हणून या विषयाचा थोडा विचार करू.

प्रथम हे पाहावे की लोकमत नावाची वस्तू फार काळ एके ठिकाणी उभी राहत नाही. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणित शिकविणारे र. धों. कर्वे यांस संततिनियमनाचा प्रचार केल्यापायी १९२५ मध्ये आपली जागा सोडावी लागली. ते महाविद्यालय मिशनचे होते, हे आम्ही ख्रिस्ती जनांनी लपवू नये. पुढे पाचच वर्षांनी, १९३० मध्ये, इंग्लंडात लॅम्बेथ येथे जमलेल्या बिशपांनी काही मर्यादा घालून तीच गोष्ट विवाहितांस मोकळी केली. आणि १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात तर सरकारी माणसे गावोगाव फिरून कित्येकांच्या शस्त्रक्रिया बळजबरीने करवीत होती. जे बोलल्याबद्दल एका पिढीत मनुष्याची भाकर गेली, ते न केल्याबद्दल पुढल्या पिढीत त्याच्या मागे शिपाई लागला. आपल्या राज्यात सप्टेंबर २००१ नंतर ज्यास तिसरे अपत्य झाले त्यास ग्रामपंचायतीच्या निवडणुकीस उभे राहता येऊ नये, असा नियम कायद्यात आला. त्या नियमाचे गुणदोष आम्ही येथे सांगत नाही. एवढेच सांगतो की जो मनुष्य केवळ लोकांच्या म्हणण्यावर आपले घर उभारील, त्यास दर वीस वर्षांनी ते पाडून पुन्हा बांधावे लागेल.

आता घरी शिकविण्याचे पाहू. मराठी मुलखात या गोष्टीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पंडिता रमाबाईंचे होय. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविले. स्त्रीस देवभाषा शिकविली म्हणून केवढा गहजब झाला! धर्मसभेपुढे त्यांस आपल्या कृत्याचे समर्थन करावे लागले, आणि त्यांनी ते शास्त्रवचनांच्या आधारे केले. पुढे सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे त्यांनी घर केले, व तेथे १८५८ मध्ये रमाबाईंचा जन्म झाला. ती मुलगी कोणत्याही शाळेत गेली नाही. तीर्थयात्रेच्या वाटेवर आई तिला शिकवीत असे. गृहकृत्ये व प्रवास सांभाळून त्या माउलीने मुलीच्या मुखी हजारो श्लोक बसविले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्याच मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या, आणि लोकांनी तिला डोक्यावर घेतले. पुढे १८८३ मध्ये इंग्लंडात तिचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा त्याच लोकांतील बहुतेकांनी तिला डोक्यावरून खाली टाकले. विद्या तीच, बाई तीच!

परंतु या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग आमच्या लोकांस कोणी सांगत नाही, आणि तोच आमच्या प्रश्नास अधिक लागू आहे. १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला, तेव्हा हे विद्वान कुटुंब उपाशी मरू लागले. प्रथम वडील, मग आई, मग थोरली बहीण गेली. रमाबाईंनी पुढे स्वतःच आपल्या साक्षीत लिहून ठेवले आहे की भीक मागण्यास किंवा मजुरी करण्यास त्यांस लाज वाटे, आणि प्रामाणिकपणे पोट भरण्याचा कोणताही व्यवहारी मार्ग त्यांस ठाऊक नव्हता. लोकमताविरुद्ध उभे राहून घरी शिकविणारा बाप धैर्याचा होता, यात संशय नाही. तरी त्या शिक्षणात एक मोठी उणीव होती. लोकांनी दोष दिला तो स्त्रीस शिकविल्याचा, म्हणजे चुकीच्या गोष्टीचा. खरा दोष जेथे होता, तेथे कोणाचीच दृष्टी गेली नाही.

रमाबाईंची मात्र गेली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्यप्रांतातून सुमारे तीनशे मुली व बायका आणिल्या, आणि १९०० पर्यंत केडगावच्या मुक्तिसदनात दोन हजारांच्या घरात जीव राहू लागले. एवढे मोठे कुटुंब या देशात क्वचितच कोणा एका बाईच्या हाताखाली राहिले असेल. तेथे वाचन व शास्त्र शिकवीत, परंतु त्याबरोबर विणकाम, शिवणकाम, शेती, गाईम्हशी, तेलाचा घाणा, छापखान्यातील खिळे जुळविणे, हेही शिकवीत. अंध मुलींस बोटांनी वाचावयास शिकवीत. ज्या बाईच्या माहेरी विद्या होती पण हातास काम ठाऊक नव्हते, तिने आपल्या दोन हजार लेकरांच्या हातास काम लाविले. त्याच दुष्काळांत वऱ्हाडातील मिशनांनीही अनाथ लेकरांस आसरा दिला होता, आणि आमच्या वाचकांपैकी कित्येकांची घराणी अशाच एखाद्या पोरक्या मुलापासून सुरू झाली असतील.

विलायतेतील एक घर यासंबंधी सांगण्याजोगे आहे. जॉन वेस्ली व चार्ल्स वेस्ली यांची आई सुसाना ही स्वतः बापाच्या पंचवीस लेकरांतील शेवटची. तिला एकोणीस अपत्ये झाली, त्यांतील दहा जगली. नवरा पाळक होता, गरीब होता, १७०५ मध्ये कर्जापायी तुरुंगातही गेला. सुसानाने मुले घरीच शिकविली. जॉनच्या विनंतीवरून १७३२ मध्ये लिहिलेल्या पत्रात तिने आपली रीत सांगितली आहे. मूल पाच वर्षांचे झाले की दुसऱ्या दिवशी त्यास मुळाक्षरे शिकवावयाची. सकाळी नऊ ते बारा व दुपारी दोन ते पाच, असे रोज सहा तास अभ्यासाचे. शिवाय आठवड्यातील प्रत्येक रात्र तिने कोणा ना कोणा मुलाशी एकांती बोलण्यासाठी राखून ठेविली होती. गुरुवार जॉनचा असे. नवरा लंडनास गेला असता १७१२ च्या सुमारास रविवारी संध्याकाळी ती घरच्या माणसांस उपदेश वाचून दाखवी. तो ऐकावयास शेजारीपाजारी येऊ लागले व त्यांची संख्या दोनशेवर गेली, तेव्हा नवऱ्याच्या जागी काम पाहणाऱ्या पाळकानेच तिची तक्रार केली. तिने नवऱ्यास कळविले की थांबावयाचे असेल तर स्पष्ट आज्ञा करा, म्हणजे त्याचा जाब देवापुढे तुम्ही द्याल. नवऱ्याने आज्ञा केली नाही.

एवढे सर्व खरे असले तरी एपवर्थच्या त्या घरास स्वर्ग म्हणणाऱ्यांशी आमचे जुळत नाही. त्याच घरची हेटी ही लहानपणीच ग्रीक वाचू लागलेली हुशार मुलगी, पण तिचा संसार अत्यंत दुःखाचा झाला. मुलगे महाविद्यालयात गेले व जगाच्या इतिहासात गेले. मुलींस शिकविलेली विद्या कोठे लावावी, याची वाट त्या घराने दाखविली नाही. तथापि सुसानाचा एक नियम असा आहे की त्यासाठी आम्ही तिचे बाकीचे सारे विसरण्यास तयार आहो. कोणत्याही मुलीस चांगले वाचता येईपर्यंत कामास लावावयाचे नाही, असा तो नियम. त्या काळी मुलींस वाचण्याआधी शिवण शिकवीत, आणि म्हणूनच बायकांस धड वाचता येत नाही, असे तिचे म्हणणे होते.

येथे आमच्या विषयाचे मर्म आहे. मोठ्या घरी जाणारे सुवार्तिक लेकरे मोजतात, भाकरीचे पीठ मोजतात, कधी पाटीवरची अक्षरेही तपासतात. थोरल्या मुलीकडे कोणी पाहत नाही. आई बाळंतिणीच्या खाटेवर असते, बाप कपाशीच्या शेतात असतो, आणि दहा वर्षांची पोर कडेवर एक व बोटास एक घेऊन चूल फुंकीत असते. कापूस वेचणीच्या दिवसांत तर तिच्या शिकण्याचे नावच नको. तिच्या पाठच्या भावास घरी शिकविले जाते खरे, पण तो शिकतो तो तिच्या खांद्यावर उभा राहून. ज्या घरी थोरली मुलगी वाचते आहे, तिला खेळावयास वेळ आहे, आणि आईच्या देहास दोन बाळंतपणांमध्ये विसावा मिळाला आहे, त्या घरी सात लेकरे असोत की नऊ, आम्ही त्यास नावे ठेवणार नाही. ज्या घरी तसे नाही, तेथे दोनच लेकरे असली तरी आम्हांस बोलावे लागेल.

कोणी १२७ वे स्तोत्र पुढे करील. त्यात लेकरांस वीराच्या हातच्या बाणांची उपमा आहे व भरलेल्या भात्याचे सुख सांगितले आहे, हे आम्ही जाणतो. परंतु भात्यात बाण किती, हे स्तोत्रकर्त्याने सांगितलेले नाही. भाता कोणाचा मोठा, कोणाचा लहान. शिवाय बाण म्हणजे केवळ तोडून आणलेली काठी नव्हे. ती तासावी लागते, सरळ करावी लागते, आणि एकाच हाताने हे सारे करावयाचे म्हटल्यास वेळ लागतो. पौलाने तीमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्रात, पाचव्या अध्यायात, घरच्यांची तरतूद न करणाऱ्याविषयी जे कडक शब्द आहेत तेही त्याच शास्त्रातले. आणि दुसऱ्या पत्रात लोईस व युनीके या आजी-आईंचा उल्लेख आहे. त्यांच्या घरी विश्वास शिकविला गेला, पण तीमथ्यास किती भावंडे होती, हे सांगण्याची पौलास गरज वाटली नाही.

या जिभेची एक दुसरी बाजूही आहे. जी बाई नऊ लेकरांच्या आईस हसते, तीच पाणवठ्यावर निपुत्रिक सुनेस टोचते. हन्नेस पनिन्नेने कसे रडविले, ते शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात आहेच. तेव्हा पनिन्नेच्या पदरी पुष्कळ लेकरे होती. लेकरांची संख्या हा ज्यास त्यास दुसऱ्यास मारण्याचा दगड झाला आहे, इकडून फेका की तिकडून.

आणखी एक नवल पाहा. आमच्याच वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यात, वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या अपंग, अंध व मूकबधिर अशा १२३ लेकरांस आपले नाव दिले. २०२४ मध्ये सरकारने त्यांस पद्मश्री दिली, आणि त्यांची एक अंध कन्या त्याच वर्षी लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. त्या १२३ लेकरांविषयी कोणी म्हणत नाही की तोंडे फार झाली. ते ख्रिस्ती नव्हेत, पण अनाथांविषयी याकोबाने जे लिहिले त्याचे आचरण तेथे दिसते. तेथे लोक डोकी मोजीत नाहीत, ओझे कोणी उचलले ते पाहतात. मग आपल्या गावच्या गरीब बापाच्या घरीही तसेच का पाहू नये? तो ओझे उचलीत असेल तर त्यास हसणारे आम्ही कोण? आणि तो ते थोरल्या मुलीच्या डोक्यावर देत असेल, तर चोचीस चारा मिळेल म्हणून त्याची पाठ थोपटणारे तरी आम्ही कोण?

आता व्यवहाराच्या दोन गोष्टी. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, व मुलाचे नाव जवळच्या शाळेत घालणे हे त्यात पालकांचे कर्तव्य मानिले आहे. ज्या सुवार्तिकास कोणी विचारील की घरी शिकवू का, त्याने प्रथम हे सांगावे, आणि मग असे सांगावे की शाळेत नाव असल्याने घरी शिकविण्यास कोणाची मनाई होत नाही. सकाळचे शास्त्रवाचन, संध्याकाळचे पाढे, आजीच्या तोंडच्या गोष्टी, बापाबरोबर शेतात मोजलेली औते व पाळी, हे सर्व शिक्षणच आहे, आणि ते कोणतीही शाळा देत नाही. ज्या थोर मुलामुलींची शाळा मागेच सुटली, त्यांस सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीस बसता येते. तो फॉर्म भरण्याची मुदत असते, आणि ती खेड्यात बहुधा संपल्यावरच कळते. पाळकांनी ती दरवर्षी आधीच विचारून मंडळीत जाहीर करावी.

दुसरी गोष्ट बायकांच्या सभेची. ज्या घरी लेकरे पुष्कळ आहेत त्या घराविषयी सभेत बोलणे बंद करा, असे आम्ही म्हटल्याने ते बंद होणार नाही. परंतु बोलणाऱ्या बाईने आठवड्यातून एक दुपार त्या घरची धाकटी तीन लेकरे आपल्या ओसरीवर सांभाळावी, आणि तेवढा वेळ थोरलीस पाटी व पुस्तक घेऊन बसू द्यावे. पहिल्या दुपारी ती मुलगी पुस्तक उघडण्याऐवजी झोपी जाईल, असा आमचा अंदाज आहे. तिला झोपू द्यावे, आणि पुढल्या आठवड्यात पुन्हा बोलवावे.