देवाचा पलंग



आषाढीच्या आधी काही दिवस पंढरीच्या राउळात देवाचा पलंग काढतात, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. पलंग निघाला की शेजारती थांबते. लेकरे लांबून चालत येणार, म्हणून देव अहोरात्र उभा. पाठीशी लोड देतात, तेवढाच टेका. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. गरम पाण्याचे स्नान, पायांना लिंबू-साखर चोळणे, रात्री काढा, आणि पलंग पुन्हा जागेवर. देवाला शिणवटा आला आहे, तो घालवायचा, इतका साधा भाव त्यामागे आहे.

हा प्रसंग मी चाळीस वर्षे कीर्तनात सांगितला. देव भक्तांसाठी उभा राहतो, यावर जोर द्यायचा, श्रोते तिथेच गहिवरायचे. पलंग परत येतो, हे मात्र मी अर्ध्या वाक्यात उरकून पुढे जायचो. कथेचा तो भाग माझ्या सोयीचा नव्हता.

मागच्या कार्तिकीनंतर एक तरुण कीर्तनकार घरी आला. चाकणकडे कारखान्यात पाळीची नोकरी, सुट्टीच्या दिवशी आणि रात्री कीर्तने, घरी दोन लहान लेकरे. डोळे लाल झालेले. म्हणाला, “महाराज, चार तास झोप मिळते. डॉक्टर म्हणतात विश्रांती घ्या. पण देह नाशिवंत आहे असे लोकांना सांगायचे आणि घरी येऊन त्याचेच लाड करायचे, हे कसे जमवायचे?”

प्रश्न प्रामाणिक होता. त्याच्या वयात मला तो पडलाच नाही, म्हणून त्याला उत्तर द्यायच्या ऐवजी मी माझी हकीकत सांगितली. तीच इथे लिहितो.

सप्ताहाचे दिवस कसे असतात ते आपण जाणता. पहाटे काकडा, मग पारायण, दुपारी प्रवचन, सायंकाळी हरिपाठ, रात्री नऊ ते अकरा कीर्तन. गावकऱ्यांना हे सात दिवस असते. कीर्तनकाराला हंगामभर असते, तेही रोज नव्या गावी. अकराला कीर्तन सुटले की पाया पडणारे, मग पंगत, मध्यरात्री तेलकट जेवण, गाडीत मान टाकून झोप. वर चढी चाल, घसा तापलेला आणि त्यावर गार पाणी. कोणी म्हणाले, “महाराज, जरा दमाने,” की मी हसून म्हणायचो, “हा देह देवाचा, आपल्याला काय त्याचे!” लोकांना ते फार आवडायचे. मलाही.

58व्या वर्षी आवाज बसला तो उठेचना. स्वरयंत्रावर गाठी झाल्या होत्या. डॉक्टरांनी दोन महिने मौन सांगितले. कुजबुजसुद्धा करायची नाही म्हणाले, कारण कुजबुजताना त्या नाजूक पडद्यांवर उलट जास्त ताण येतो. पाटी आणि पेन्सिल घेऊन मी ओसरीवर बसलो. दोन महिने सलग घरी राहण्याची ती लग्नानंतरची पहिली वेळ.

बोलणे बंद झाल्यावर घर ऐकू येऊ लागले. पहाटे साडेचारला भांड्याचा आवाज, रात्री साडेअकराला पुन्हा भांड्याचाच आवाज. मध्ये सौभाग्यवतीची पावले, आणि त्या पावलांचा ताल चुकत होता. मृदंगाची साथ आयुष्यभर ऐकलेल्या माणसाच्या कानाला ते चौथ्या दिवशी कळले. पाटीवर लिहिले, “पायाला काय?” ती म्हणाली, “काही नाही, ठेच लागली होती.” ठेच अडीच महिन्यांपूर्वीची होती. दवाखान्यात नेले तेव्हा साखर भलतीच वाढलेली निघाली. तळपाय बधिर झाल्याने दुखणे जाणवत नव्हते आणि जखम आत जात राहिली. दोन बोटे काढावी लागली.

मी पाटीवर लिहिले, “इतके दिवस बोलली का नाहीस?”

तिने वाचले आणि म्हणाली, “अहो, तुम्ही घरात होतात कधी? आणि आलात की सोबत चार माणसं जेवायला.”

माझे वैराग्य कशावर उभे होते, ते त्या दिवशी कळले. मी देहाची पर्वा करत नव्हतो, कारण माझ्या देहाची पर्वा दुसरे कोणीतरी करत होते. धोतर धुतलेले मिळत होते, रात्री एकला गरम भाकरी मिळत होती, तापात काढा मिळत होता. झोप मी मोडायचो, तिचीही मोडायची. कीर्ती माझी व्हायची. खर्च दोन देहांचा होत होता, आणि दुसऱ्या देहाला मी विचारलेही नव्हते.

गोरोबाकाकांची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. नामात तल्लीन होऊन माती तुडवताना रांगते मूल पायाखाली आले. ही कथा मी नेहमी तल्लीनतेच्या बाजूने सांगितली. पाणी आणायला गेलेल्या त्या माउलीच्या बाजूने एकदाही सांगितली नाही. घागर घेऊन ती परतली तेव्हा तिने काय पाहिले? काकांच्या अधिकारावर बोलण्याची माझी पात्रता नाही. त्यांचे मूल देवाने परत दिले, अशी कथा आहे. आपल्या घरात तुडवले गेलेले काही परत मिळेल, असे वचन मात्र देवाने मला दिलेले नव्हते.

आणि जनाबाईंची कथा? देव तिथे दळायला बसतो. जात्याचा खुंटा हातात घेतो. आपल्या संप्रदायाचा देव थकलेल्या बाईचे काम अंगावर घेणारा आहे, आणि त्याचा कीर्तनकार घरी आल्यावर पाण्याचा तांब्यासुद्धा मागून घेत होता.

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात खाणे, हिंडणे, कर्म, झोप, जागणे हे सारे मापाने असावे, हा गीतेचा विचार माउलींनी उलगडला आहे. फार खाणाऱ्याला योग साधत नाही, तसा उपाशी राहणाऱ्यालाही साधत नाही. फार झोपणाऱ्याला नाही, तसा जागत राहणाऱ्यालाही नाही. हे मला तोंडपाठ होते. पचले नव्हते.

तरुणाने विचारले, “मग नेमके करायचे काय?” मी म्हणालो, “वारीत चालतोस ना? वारी बघ.” आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. लाखो माणसे, त्यात म्हाताऱ्या बायका डोईवर तुळस घेऊन. ती पोचतात कशी? मध्ये विसावा असतो म्हणून. सकाळचा विसावा, दुपारचे भोजन, पुन्हा विसावा, मग तळ. पुण्याहून दिवेघाट चढून सासवडला जाण्याचा टप्पा सर्वांत लांब, आणि त्यानंतर सासवडला मुक्काम वाढवलेला आहे. कोणी विसाव्याला बसला म्हणून त्याची वारी खंडली, असे आपण म्हणत नाही. पालखीच थांबते, तिथे आपली काय कथा!

त्याला तीन-चार गोष्टी मी हक्काने सांगितल्या. रात्रपाळी संपवून थेट कीर्तनाला उभा राहू नकोस, आणि कीर्तन करून मोटारसायकलवर दूरची वाट धरू नकोस. डुलकी लागायला एक क्षण पुरतो. कीर्तनाआधी थोडे खा, नंतर जड खाऊ नकोस; यजमानाचा आग्रह हात जोडून मोडता येतो. आठवड्यातला एक दिवस तारीख देऊ नकोस. सायंकाळी घरी असशील तेव्हा मोबाईल देव्हाऱ्याजवळ ठेव आणि लेकरांबरोबर हरिपाठ म्हण. अर्ध्या तासाचा असतो. आपल्या पूर्वजांनी दिवेलागणीला कामाची आणि घराची हद्द आखून ठेवली होती, ती आपण पुसली.

एकादशीबद्दलही बोललो. ती पोटाची विश्रांती. तळलेला साबुदाणा आणि वर शेंगदाण्याचे लाडू खाऊन आपण तिची ‘दुप्पट खाशी’ केली, हा विनोद जुनाच. पण साखरेचे औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने निरंकार उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. साखर एकदम उतरली तर माणूस वाटेतच कोसळतो. पांडुरंग उपवासाचा हिशेब मागायला बसलेला नाही.

त्याने मान डोलावली. मग जरा चाचरत म्हणाला, “आणि तारखा कमी केल्या तर लोक काय म्हणतील?” इथे मात्र माझ्याकडे गोड उत्तर नव्हते. लोक म्हणतात. माझ्या तारखा कमी झाल्या तेव्हा काहींनी महाराज सुखवस्तू झाले म्हटले, काहींनी बोलावणेच बंद केले. बिदागी घटली. ते सोसावे लागते. जाताना त्याने घरी फोन लावला आणि उशीर होईल म्हणून सांगितले. पूर्वी सांगत होता का, मी विचारले नाही.

आता पायी वारी आम्हाला होत नाही. आषाढात वाखरीपर्यंत गाडीने जातो, पालख्या बघतो, परत येतो. रोज रात्री तिचे तळपाय बघायचे, बोटांच्या बेचक्यातले पाणी टिपायचे, अनवाणी चालू द्यायचे नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. ते काम मी घेतले. तिला पलंगावर बसवतो, मी खाली बसतो. पहिल्या वर्षी ती पाय मागे ओढायची. आता ओढत नाही, पण बोलते.

परवा म्हणाली, “पुरे झालं. मी काय देव आहे का?”

मी बेचके कोरडे केले, मोजे चढवले आणि दिवा मालवला.