तोलात न आलेलं मशीन

सराफ्यात चांदी मशीनसकट तोलत नाहीत. जुनं खिशातलं घड्याळ विकायला आलं की सराफ मागचं झाकण उघडतो, दोन स्क्रू सैल करतो, तबकडीसकट मशीन बाहेर काढून गिऱ्हाइकाच्या पुढ्यात ठेवतो आणि रिकामी केस काट्यावर टाकतो. भाव काय तो चांदीचा. छत्रपती संभाजीनगरच्या सराफ्यात दोन भावांनी वडिलांच्या माघारी असंच एक घड्याळ मोडीत काढलं.

घड्याळ मूळचं त्यांच्या आजोबांचं. आजोबा निजाम स्टेट रेल्वेत गार्ड. मनमाडहून औरंगाबाद, जालना करत हैदराबादकडे जाणारी मीटरगेजची लाईन 1900 च्या सुमारास सुरू झाली. त्याच लाईनवर त्यांची सगळी नोकरी झाली. घड्याळाची तबकडी पांढऱ्याशुभ्र मिन्याची, तिच्यावर नाव ‘वेस्ट एंड वॉच कंपनी’. ही कंपनी 1886 साली मुंबईत निघाली, घड्याळं मात्र स्वित्झर्लंडमध्ये बनवून आणायची. रेल्वेतल्या आणि पलटणीतल्या लोकांचा तिच्यावर भारी भरवसा. आजोबा गेल्यावर वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ते घड्याळ सांभाळलं. रोज सकाळी सातला चावी द्यायची, मगच चहा. शेवटची काही वर्षं ते बंद पडलं होतं, तरी सातला ते हातात घ्यायचे आणि पुसून ठेवायचे.

पुढे वाटण्या झाल्या. प्लॉट एकाकडे, फ्लॅट दुसऱ्याकडे. बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही केली. आपल्याकडे बहिणी करतात तशी, कुणी फारसं विचारलं नाही आणि तिनंही काही मागितलं नाही. निघताना तिची नजर टीव्हीच्या टेबलावर गेली. सराफानं परत दिलेलं मशीन तिथं वर्तमानपत्राच्या कागदावर पडलं होतं.

“दादा, हे घेऊन जाऊ?”

“घे की. भंगारच आहे ते.”

तिनं ते घरी नेऊन कुंकवाच्या रिकाम्या पितळी करंड्यात ठेवलं. चांदीचे पैसे भावांच्या गाडीच्या दुरुस्तीत त्याच महिन्यात संपले.

तिची लेक चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये टूल अँड डायचं शिक्षण घेत होती. मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर नजर ठेवायची जिथं सवय लावतात, तिथली ही मुलगी. एका दिवाळीच्या साफसफाईत तिनं करंडा उघडला आणि तशीच खाली बसली. पितळी पट्ट्यांवर घासून काढलेल्या बारीक लहरी, आगीवर निळे केलेले स्क्रू, दगडांचे लालबुंद ठिपके. दगड म्हणजे माणिक. चाकाच्या आसाची टोकं त्यात फिरतात, म्हणून ती फारशी झिजत नाहीत. तिला एवढंच कळलं, की हे ज्यानं बनवलं त्यानं झाकणाआड कुणी बघणार नाही हे माहीत असूनही काही कमी ठेवलं नव्हतं.

मशीन घेऊन ती घड्याळजी चाचांकडे गेली. सिटी चौकाजवळच्या एका बोळात त्यांचं दुकान. दुकान कसलं, एक टेबल, एक दिवा आणि मागे ड्रॉवरची भिंत. शहागंजच्या निजामकाळच्या टॉवरवरचं घड्याळ वर्षानुवर्षं बंद होतं, त्या काळातही या बोळात वेळ विचारायला लोक यायचे. चाचांनी भिंग डोळ्याला लावलं, मशीन चिमट्यात धरलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

“केस कुठं आहे, बेटा?”

“मामांनी विकली. चांदीची होती.”

“हौ. सगळ्यांची तीच गत.” त्यांनी खालचा ड्रॉवर ओढला. आत तीसेक मशीनं, प्रत्येक वेगळ्या प्लास्टिकच्या पुडीत. कुणाची तबकडी धड, कुणाचे काटे गेलेले. केस एकालाही नाही. “चांदी विकली, सोनं विकलं, हे राहिलं. लोक फेकतात. मी घेऊन ठेवतो.”

मग त्यांनी जे सांगितलं, ते तिला ठाऊक नव्हतं आणि तिच्या मामांना तर नव्हतंच. घड्याळजी दुरुस्ती केल्यावर मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं बारीक खूण करतो. तारीख, आपली अक्षरं, कधी बिलाचा नंबर. भिंगाशिवाय दिसत नाही. पुढच्या घड्याळजीला त्यावरून कळतं, की यात कुणाचा हात कधी पडला. रेल्वेतल्या माणसाचं घड्याळ म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी सफाईला येणार. “या मशीनची सगळी कुंडली त्या झाकणात होती. वितळून गेली. आमच्या वालिदांकडं रेल्वेवाले यायचे. त्यांची खूण त्यात असेल तर तीही गेली.”

मुलगी गप्प झाली. चांदी गेल्याचं तिला कधीच काही वाटलं नव्हतं.

“चाचा, हे मनगटावर घालता येईल असं करता येईल?”

येईल, पण सोपं नाही, असं ते म्हणाले. मशीन सोळा लाईनचं, म्हणजे साधारण 36 मिलिमीटर रुंद. केस धरून घड्याळ मोठं होणार, पण आजकाल तेवढी घालतात. खरी अडचण चावीची. उघड्या तबकडीच्या खिशातल्या घड्याळाची चावी बारावर असते आणि सेकंदाची छोटी तबकडी बरोबर समोर, सहावर. मनगटी घड्याळात चावी तीनवर लागते. मशीन तसं फिरवलं तर आकडे आडवे होतात. मग बरेच जण जुनी तबकडी काढतात, तिचे मागचे पाय कापतात आणि ती वळवून डिंकानं चिकटवतात. नाहीतर नवीच छापून घेतात. पहिल्या महायुद्धात सैनिकांनी खिशातली घड्याळं चामड्याच्या वाटीत बसवून मनगटाला बांधली होती. ती वाट जास्त प्रामाणिक, कारण त्यात घड्याळाचं काही कापावं लागलं नाही.

चाचांनी मशीन उघडलं. जुनं तेल वाळून डांबरासारखं झालं होतं. मुख्य कमान थकलेली. बॅलन्सचा आस एका टोकाला मोडलेला. हे टोक केसाहून जरासंच जाड असतं. जुन्या मशीनला धक्का झेलणारी व्यवस्था नसते, ती पुढे 1930 च्या दशकात आली, म्हणून घड्याळ हातातून पडलं की पहिलं हेच टोक तुटतं. त्याच जातीच्या दुसऱ्या मेलेल्या मशीनमधून त्यांनी आस काढला. प्रत्येक भाग पेट्रोलमध्ये धुतला, काडीचं टोक करून एकेक भोक पुसलं. तिसऱ्या चाकापाशी ते थांबले आणि भिंग तिच्या हातात दिलं.

“काय दिसतं?”

एका भोकाभोवती पाच-सहा खड्डे होते, टोचा ठोकल्यासारखे.

“भोक झिजून मोठं झालं. नवी बुश बसवायला हवी होती. कुणीतरी घाईत चारी बाजूंनी ठोकून ते आवळलं. घड्याळ चाललं, पैसे मिळाले, माणूस खूश. पण भोक मधोमध राहिलं नाही, चाक तिरपं झालं, पुढच्या चाकाचे दात खाल्ले. त्याची चूक मी आज भरतोय.” ठोकणाऱ्याला त्यांनी शिवी दिली नाही. नवी बुश बसवली, खड्डे मात्र तसेच राहिले. ते कुणालाच पुसता येत नाहीत.

केस बनवायचं काम मुलीनं घेतलं. वाळूजच्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये सुटीच्या दिवशी लेथ मोकळी मिळायची. स्टेनलेस स्टीलची कांडी, नकाशा, सगळं तयार. चावी बारावरच ठेवायची असं तिनं ठरवलं. पट्ट्याचे कान लांब घेतले म्हणजे पट्टा चावीपासून सुटा राहील आणि दोन बोटं आत जाऊन चावी देता येईल. तबकडीचा पाय कापायला नको, आकडे आडवे करायला नकोत. चाचांनी तो नकाशा बघितला आणि पहिल्यांदा हसले.

पण पहिली केस चुकली. आतलं माप 0.2 मिलिमीटरनं कमी पडलं. केस पॉलिश करून झाली होती, कान वेल्ड करून झाले होते, पुन्हा लेथवर धरायला जागा उरली नव्हती. आईचा वाढदिवस चार दिवसांवर. ती दुकानात आली आणि हळूच म्हणाली, “चाचा, प्लेटच्या कडेला जरा कानस मारली तर? बाहेरून दिसणार नाही. चाकांनाही लागणार नाही.”

“नक्को.”

“एवढंसंच. बारीक कानस.”

चाचांनी काम बाजूला ठेवलं. “हे मशीन शंभरेक वर्षं चाललं. तुझ्या हातात ते किती वर्षं राहील? पन्नास? त्यानंतर कुणाला तरी एखादी चांदीची जुनी केस शोधून त्यात ते बसवावंसं वाटेल. त्या वेळी ते सैल बसेल. तो भिंग लावून बघेल, कानस मारलेली दिसेल, आणि तुला म्हणेल तेच, जे तू त्या खड्ड्यांकडं बघून मनात म्हणालीस. केस स्टीलची आहे, पुन्हा होईल. मशीनला हात लावायचा नाही.”

तिनं दुसरी केस केली. आईचा वाढदिवस निघून गेला. तीन आठवडे उशीर झाला, पण मशीन त्या केसमध्ये कुठं न घासता बसलं. चावी दिल्यावर बॅलन्स एका झटक्यात सुटला. सेकंदाला पाच ठोके, दिवसाला 4,32,000. चाचांनी मागच्या झाकणाच्या आत सुईनं तारीख आणि आपली दोन अक्षरं कोरली, मग सुई तिच्या हातात दिली. “केस तुझी आहे. तुझीही खूण हवी.” वर त्यांनी बजावलं, की लेथवर काम करताना आणि गाडी चालवताना हे काढून ठेवायचं.

घड्याळ मुलीच्या मनगटावर असतं. सकाळी सातला चावी मात्र आई देते.

धाकट्या मामांच्या वास्तुशांतीला ते मोठ्या मामांच्या नजरेस पडलं. त्यांनी हात धरून निरखलं, तबकडी ओळखली, किती खर्च आला, कुठं केलं, सगळं विचारलं. जेवणं झाल्यावर पाहुण्यांसमोर म्हणाले, “तसं बघितलं तर ही अण्णांची वस्तू. याचे तीन वाटे व्हायला हवेत.” बोलणं थट्टेचं होतं, पण पुरतं थट्टेचं नव्हतं.

बहीण ताटं उचलत होती. ताटं तशीच हातात धरून म्हणाली, “वाटणी झाली, दादा. मी सही केली आहे.”

पुढे कुणी काही बोललं नाही. मग मुलीनं मामांना झाकणाच्या आतल्या खुणांचं सांगितलं, चाचांनी सांगितलं तसंच, कुणाला दोष न देता. मामा ऐकत राहिले. त्या केसच्या आत काय होतं हे त्यांनी एकदाही उघडून बघितलं नव्हतं, आणि आता बघायला काही शिल्लक नव्हतं.

पावसाळ्यात ते चाचांच्या दुकानात आले. बरोबर त्यांच्या कॉलनीतले एक शेजारी होते. शेजाऱ्यांच्या हातात वडिलांचं चांदीचं घड्याळ, केससकट, साखळीसकट. ते सराफ्याकडे निघाले होते. वाटेत मामांनी त्यांना इकडं वळवलं. भाचीचं मनगटी घड्याळ शेजाऱ्यांनीही बघितलं होतं आणि त्यांना अगदी तसंच हवं होतं. चांदी विकायची, त्या पैशांत स्टीलची केस करायची. मुलगी तेव्हा दुकानातच होती. कॅलिपर काढून तिनं मापं घ्यायला हात पुढे केला.

चाचांनी झाकण उघडून भिंगातून आत बघितलं आणि मामांना जवळ बोलावलं. चांदीवर बारीक ओरखडे होते. एकाखाली एक, वेगवेगळ्या हातांचे. मामांनी भिंग डोळ्याला लावलं. त्यांना नीट धरता येईना, तरी ते वाचत राहिले.

“याला मनगटावर आणायचं नाही,” चाचा शेजाऱ्यांना म्हणाले. “याचं घर शाबूत आहे. सफाई करून देतो, खिशात ठेवा. मनगटीच हवं असेल तर यातलं निवडा.” आणि त्यांनी खालचा ड्रॉवर ओढून त्यांच्यापुढे केला.