निवळशंख द्रावणापाशी

स्वस्थ बसा. श्वास आपल्या लयीत येऊ द्या. आज ज्याच्याकडे बघायचं आहे, त्याला अजिबात घाई नाही.

डोळ्यांसमोर प्लॅस्टिकचं एक बीकर आणा. काचेचं नको, कारण तापलेला कॉस्टिक सोडा काचेलाही हळूहळू खातो. बीकरमध्ये कॉस्टिकचं द्रावण आहे; डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे आहेत. आता त्यात ॲल्युमिनियमची तार सोडा, २.७ ग्रॅम. पहिले काही क्षण काहीच होत नाही. धातूच्या अंगावर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा असतो, तो आधी विरघळावा लागतो. मग बुडबुडे सुटतात, हायड्रोजन फसफसून वर येतो आणि बीकर तापतं. तार काळवंडते, झिजते, दिसेनाशी होते. मागे उरतो तो धातूतल्या लोखंडासारख्या अशुद्धींचा करडा गाळ. द्रावण गाळून घ्या.

खाली उतरलेलं द्रावण निवळशंख आहे. त्यात थोडं पाणी घाला आणि ते निवू द्या.

इथे रेंगाळा. जेवढं ॲल्युमिनियम या द्रावणात राहायला हवं, त्याहून कितीतरी जास्त आता त्यात आहे. ते अतिसंपृक्त आहे. स्फटिक होण्यासाठी लागणारं सगळं त्यात हजर आहे. तरीही ते तासन् तास तसंच राहतं. असं का, या प्रश्नापाशी मला पुन्हा पुन्हा यावंसं वाटतं.

मन आणखी आत न्या. द्रावणात प्रत्येक ॲल्युमिनियमभोवती चार हायड्रॉक्सिल आहेत, चौफलकाच्या चार टोकांवर बसावेत तसे. स्फटिकात मात्र त्याच्याभोवती सहा लागतात. म्हणजे नुसतं एकमेकांजवळ येऊन भागत नाही, प्रत्येकाला आपली सगळी मांडणी बदलावी लागते. गंमत अशी की सहा सोबती मिळवताना आधी असलेल्या चारांतला एक सोडून द्यावा लागतो. स्फटिकात प्रत्येक हायड्रॉक्सिल दोन ॲल्युमिनियममध्ये सामायिक असतो; सहांची निम्मी वाटणी, म्हणजे प्रत्येकाच्या हिशेबी तीनच. सुटलेला चौथा द्रावणात परत जातो. एकट्यादुकट्या कणांना हे सुरू करणं फार जड जातं, म्हणूनच पाणी एवढा वेळ निवळ राहतं.

आता चिमूटभर तयार स्फटिकांची पूड घाला. विरजणाची आठवण येईल, पण विरजण दुधाला बदलतं. ही पूड द्रावणात कसलाही बदल करत नाही. ती फक्त एक पृष्ठभाग देते, जिथे सहांची मांडणी आधीच झालेली आहे. येणाऱ्याला शेजार मिळतो.

१८८७ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये कार्ल योझेफ बायर या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने हेच पाहिलं. कापड रंगवताना रंग पक्का बसावा म्हणून ॲल्युमिनियमची संयुगं लागत, आणि तो त्या कामात होता. आम्लाच्या द्रावणातून काढलेलं ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड बुळबुळीत येतं, धुता धुतलं जात नाही. अल्कलीतून बीज घालून काढलेलं स्फटिकरूप येतं, सहज गाळता येतं, स्वच्छ धुतलं जातं. आज जगातला बहुतेक ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचा ऑक्साइड, याच वाटेने तयार होतो. एवढा मोठा उद्योग अशा संथ क्रियेवर उभा आहे, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

पुन्हा बीकरकडे या. द्रावण साठ अंशांच्या आसपास ठेवा आणि हलकेच ढवळत राहा. काही काळाने ते किंचित दुधाळ होतं. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा स्फटिक, गिब्साइट, आकार घेतोय. त्याचे थर कल्पनेत वेगळे करा: हायड्रॉक्सिलचे दोन पदर, मधल्या पोकळ्यांत ॲल्युमिनियम, आणि दर तीन पोकळ्यांपैकी एक रिकामी. थराला थर धरून ठेवतो तो केवळ हायड्रोजन बंध. म्हणूनच हे खनिज मऊ असतं. हेच साधारण तापमानाला घडवलं तर बहुधा बायराइट हाती येतो. पदार्थ तोच, थरही तेच, फक्त एकावर एक रचण्याची तऱ्हा निराळी. गिब्साइटमध्ये शेजारच्या थरांतले हायड्रॉक्सिल समोरासमोर येतात. बायराइटमध्ये ते एकमेकांच्या खाचांत बसतात. नाव बायरचं असलं तरी बायरच्या पद्धतीत तयार होतो तो गिब्साइट.

कोकणातल्या जांभ्यातही गिब्साइट असतो. तिथे कॉस्टिक नसतो, बीकर नसतं. युगानुयुगं पावसाचं पाणी खडकातली सिलिका धुऊन नेतं, आणि लोह-ॲल्युमिनियम मागे राहतात.

आता गाळा, धुवा, अल्कली निघून जाईपर्यंत पुन्हा धुवा, आणि मंद आचेवर वाळवा. हिशेबाने ७.८ ग्रॅम पांढरी पूड मिळायला हवी. तेवढी मिळणार नाही. थोडं ॲल्युमिनियम द्रावणातच राहील, कारण सुटत गेलेल्या प्रत्येक हायड्रॉक्सिलमागे ते द्रावण अधिक अल्कलीयुक्त झालेलं असतं आणि उरलेल्याला धरून ठेवतं. कारखान्यात हे पाणी कुणी टाकून देत नाही. त्यातच पुढचं बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचं कच्चं खनिज, विरघळवतात.