अमानतीची विचारपूस

वाचकहो, मुलाला मकतबमध्ये, शाळेत किंवा दूरच्या मदरशाच्या वसतिगृहात घालताना आपण फी, अभ्यासक्रम, जेवण आणि शिस्त यांची चौकशी निःसंकोचपणे करतो. मात्र तेथे मुलाच्या शरीराचे आणि अब्रूचे रक्षण कोणत्या व्यवस्थेने होते, हा प्रश्न ओठांवरच अडतो. असे विचारणे म्हणजे उस्तादांवर संशय घेणे, आणि संशय तर गुनाह आहे, असे आपल्याला वाटते. खरोखरच तसे आहे काय?

सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत श्रद्धावंतांना पुष्कळशा गुमानांपासून दूर राहण्याचा आदेश आहे. त्याच सूरहच्या सहाव्या आयतीत, अजाणतेपणी कोणाचे नुकसान होऊ नये म्हणून आलेल्या बातमीची शहानिशा करण्याचाही आदेश आहे. हे दोन्ही आदेश परस्परविरोधी नाहीत. पुराव्याविना एखाद्या व्यक्तीवर दोष ठेवणे हे गुमान होय. व्यवस्थेविषयी सर्वांना सारखाच विचारलेला प्रश्न कोणावरही आरोप करीत नाही.

हजरत याकूब (अ.) यांचा वृत्तांत आठवा. मुलांनी यूसुफ (अ.) यांना सोबत नेण्याची परवानगी मागितली, तेव्हा पित्याने लांडग्याची भीती बोलून दाखविली. परंतु घात लांडग्याने केला नाही. तो घरच्या माणसांनी, सख्ख्या पित्याच्या पुत्रांनी केला. पुढे धाकट्या मुलाला नेण्याची वेळ आली, तेव्हा याकूब (अ.) यांनी पूर्वीच्या विश्वासाची आठवण करून दिली, अल्लाहच सर्वोत्तम रक्षक असल्याचे सांगितले, आणि तरीही अल्लाहच्या नावे पक्के वचन घेतल्याशिवाय मुलाला पाठविले नाही. तवक्कुल आणि वचन घेणे, दोन्ही एकाच पैगंबराच्या मुखी शोभले. मग वचन मागणारा पालक अविश्वासू कसा ठरेल?

हजरत जकरिया (अ.) हे मरयम (अ.) यांचे पालक होते. मरयम (अ.) इबादतीच्या जागी होत्या; त्याहून पवित्र जागा कोणती? तरीही जकरिया (अ.) तेथे जात, आणि अन्न दिसले की ते कोठून आले असे विचारीत. उत्तर समाधानकारक होते. परंतु जागेच्या पावित्र्यामुळे त्यांनी प्रश्न टाळला नाही. मुलाच्या हाती अचानक पैसे, मोबाईल किंवा भेटवस्तू दिसली, तर आपणही ती कोणी व का दिली हे प्रेमाने विचारावे.

आपल्या मुहद्दिसीनांनी हदीस कथन करणाऱ्यांचे चारित्र्य व स्मरणशक्ती तपासली. नमाजी आणि परहेजगार माणसेही या तपासणीतून सुटली नाहीत, आणि मुहद्दिसीनांनी तिला गीबत मानले नाही. शब्दाच्या अमानतीसाठी एवढी दक्षता, तर जिवंत मुलाच्या अमानतीसाठी किती असावी?

म्हणून संस्थेच्या जबाबदार व्यक्तीला नम्रतेने विचारा. शिक्षक व कर्मचारी नेमताना त्यांच्या पूर्वीच्या नोकरीची चौकशी आणि पोलीस पडताळणी होते काय? मुलाला बंद खोलीत एकट्याने बोलाविण्यास मनाई आहे काय? रात्री मुलांच्या खोलीत कोण झोपते? मूल घरी खासगीत फोन करू शकते काय? पालक न कळविता येऊ शकतात काय? तक्रार प्रमुखाविरुद्धच असेल, तर ती कोणी ऐकावी? यतीमखाना असेल, तर बाल न्याय कायदा 2015 नुसार त्याची नोंदणी आहे काय? चांगली संस्था या प्रश्नांनी दुखावत नाही. उलट तिची व्यवस्था दाखविण्याची संधी तिला मिळते. जी संस्था रागावते, तिचा रागही एक उत्तरच असतो.

येथे आक्षेप येतो की, मुस्लिमाचा दोष झाकणाऱ्याचे दोष अल्लाह झाकतो. ही हदीस सत्य आहे. परंतु उपद्रव व फसाद यांसाठी ओळखल्या जाणाऱ्याला हे लागू नाही, असे इमाम नववी (रह.) यांनी स्पष्ट केले आहे. मुलाचा हक्क तुडविणाऱ्याला झाकणे म्हणजे पुढच्या मुलाला उघडे पाडणे होय. संस्थेची बदनामी होईल, हे कारणही टिकत नाही; सूरह निसाची 135 वी आयत स्वतःच्या व आप्तांच्या विरोधात जाऊनही न्यायाची साक्ष देण्यास सांगते. देशाचा कायदाही हेच मागतो. 2012 चा पोक्सो कायदा अठरा वर्षांखालील मुलगा व मुलगी दोघांनाही संरक्षण देतो. गुन्हा कळलेल्या प्रत्येकाने तो पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपविणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. समितीच्या बैठकीत माफीनामा लिहून घेतल्याने हे कर्तव्य संपत नाही. मदतीसाठी 1098 हा क्रमांक मुलांनाही पाठ असावा.

मुलांना आणखी एक गोष्ट शिकवा. उस्तादांचा आदर वाजिब आहे, परंतु निर्मात्याच्या अवज्ञेत कोणाचेही आज्ञापालन नाही, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण लहानग्यांसाठीही आहे. आणि मूल काही सांगू लागले, तर त्याला दटावू नका. त्याने बोलण्याचे धाडस बहुधा एकदाच केलेले असते.

आपणांपैकी प्रत्येकजण राखणदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या कळपाविषयी विचारले जाईल, असे प्रेषितांनी (स.) बजावले आहे. तो प्रश्न आखिरतमध्ये आपल्याला होण्यापूर्वी आपले प्रश्न आपण येथेच विचारून घ्यावेत. अल्लाह आपल्या मुलांचे रक्षण करो आणि आपल्याला ही अमानत सांभाळण्याचे सामर्थ्य देवो. आमीन.